साहेबांचा फोटो कोणी काढला

मडावीकाका,

तुम्हाला माफ केलं म्हणे संस्थेनं.

तुमच्या शोकसभेत हेडमास्तर माइकवर असंच बोलले. आधी तुमचा इमानदार स्वभाव झाला, गिरडकडून रोज सायकलनं येणं झालं, मग आवाज खाली आणून म्हणाले, "मडावींच्या हातून एकदा एक गंभीर चूक झाली होती. पण संस्थेनं मोठ्या मनानं ती पोटात घातली." लोकांनी माना डोलावल्या. अध्यक्षसाहेबांनी डोळे मिटून घेतले, जणू माफ करायचे कष्ट त्यांना अजून होत होते. मग दोन मिनिटं शांतता. मी घड्याळ लावून मोजली. सव्वा मिनिटात आटोपली.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. उठून बोलायला पाहिजे होतं. नाही उठले. ती चूक नव्हती आणि ती तुमची तर नव्हतीच. त्या अख्ख्या मांडवात हे मला एकटीला माहीत होतं.

आता वार्षिकांकासाठी माझ्याकडून "चार ओळी, जरा भावपूर्ण" मागितल्या आहेत. हे चार ओळींत मावत नाही. छापायचं की नाही ते त्यांचं त्यांनी पाहावं. मी तुम्हाला लिहून राह्यली.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगते. समुद्रपूर तालुक्यातली आपली शाळा, तिच्या मागच्या इमारतीतली कॉम्प्युटर लॅब. वीस कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यात टेबलाखाली एकविसावा, तो सर्व्हर. पोरांचं सगळं काम त्या एकाच्या पोटात. पोरगी कोणत्याही खुर्चीवर बसो, आपलं नाव आणि पासवर्ड टाकला की तिच्या फाइली सर्व्हरकडून तिच्यासमोर यायच्या. म्हणजे यायला पाहिजे होत्या. तास पस्तीस मिनिटांचा, आणि त्यातली वीस मिनिटं वीसही पडद्यांवर ते गोल चाक फिरत बसायचं. "बाई, उघडलंच नाई." "बाई, माहं अजून फिरूनच राह्यलं." उघडून काही करेपर्यंत घंटा.

मी तेव्हा नवी होते, दर जूनला निघणाऱ्या वर्षभराच्या ऑर्डरवर. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणाऱ्या माणसाची मुलगी, आमच्या खानदानात कॉलेज पूर्ण करणारी पहिली. बी.सी.ए. कोणी विचारो न विचारो, मी नावापुढे ते लिहायची. अजून लिहिते. सकाळच्या एसटीत उभं राहून मिळवलेली डिग्री आहे, झाकून कायले ठेवू? आणि तुम्ही दहावी. कागदावर प्रयोगशाळा परिचर, सगळ्यांच्या तोंडी शिपाई. माझ्याही तोंडी. पहिल्याच दिवशी मी तुम्हाला पाणी आणायला सांगितलं. तुम्ही आणलं, ग्लास टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणालात, "पाणी आणतो मॅडम. पण लॅब माही आहे, थे ध्यानात ठेवा."

मला राग आला होता. लॅब तुमची कशी? पुढच्या आठवड्यात कळलं. वायरीच्या टोकाला प्लग बसवताना त्या आठ बारीक तारा तुम्ही ज्या क्रमानं लावायचे, "केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी," ते मला पुस्तक उघडल्याशिवाय जमत नव्हतं. तुम्ही ते पाढ्यासारखं म्हणायचे आणि हात आपोआप चालायचे. मी दाराआड उभी राहून पाठ केलं. तुम्हाला विचारलं नाही. ग्रॅज्युएटनं विचारायचं कसं!

सर्व्हरवरून आपलं पहिलं भांडण झालं ते आठवतं?

"म्हातारा झाला तो, काका. रॅम कमी पडते. नवा मागवावा लागेल."

"पाह्यलं काय तुमी?"

"पाहायचं काय त्यात? दिसूनच राह्यलं."

"म्हातारा तं मी बी झालो. मंग मले बी बदला." आणि मग तुमचं ते नेहमीचं, नाकातून हसणं. "ड्रिपचं पाणी शेवटच्या झाडाले पोचत नसन, तं कोणी पहिले मोटर बदलते काय, बाई? पहिले फिल्टर खोलून पाह्यते."

मी ऐकलं नाही. नव्या सर्व्हरचा अर्ज टाकला आणि तो मंजूर होईपर्यंत काहीतरी करून दाखवायचं म्हणून, इंटरनेटवर वाचून, एका सकाळी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पाच ठिकाणचे आकडे बदलले. दुपारी लॅब आधीपेक्षाही हळू. तुम्ही ओरडला असता तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त विचारलं, "पाचातला कोणता उलटा पडला?" मला काय माहीत! "पाच औषधं एकाच फवाऱ्यात टाकले, तं अळी कायनं मेली आन् झाड कायनं जळलं, कसं समजन? एका टायमाले एकच."

दुसऱ्या दिवशी तुम्ही शंभर पानी वही घेऊन आला. आडव्या ओळींवर पट्टीनं उभे रकाने पाडलेले आणि वर तुमच्या अक्षरात चार प्रश्न: काय बदललं? काऊन? कोणी? मंग काय झालं? मी हसले. "काऊन नाही हो काका, 'कारण' लिहा." तुम्ही म्हणालात, "कारण साहेब लोकं देतेत. काऊन म्हणजे आपण सोताले विचारतो."

त्या वहीचे नियम तुम्हीच केले. 'कोणी' खाली ज्याचा हात त्याचंच नाव. खोडायचं नाही. चुकलं तर खाली नवी ओळ लिहायची. आणि शेवटचा रकाना, 'मंग काय झालं', तो आधी भरायचा नाही. दुसऱ्या दिवशीचा तास पाहायचा, मग भरायचा. माझे पाच आकडे एकेक करून पहिल्यासारखे करायला आपल्याला एक आठवडा लागला. पाच ओळी. पाचही ओळींत 'कोणी' खाली माझं नाव. तुम्ही एकदाही टोमणा मारला नाही, आणि तेच मला टोमण्यासारखं लागलं.

मग तुम्ही त्या दिव्यांच्या डब्यासमोर बसायला लागला. सगळ्या वायरी जिथे येऊन जुळतात तो स्वीच. प्रत्येक वायरीला एक हिरवा दिवा, माल जाऊ-येऊ लागला की मिचकतो. पोरं आत आली की तुम्ही स्टूल ओढून त्याच्यासमोर बसायचे आणि तुमच्या घरच्या बोलीत, गोंडीत, पुटपुटत मोजायचे. उंदी म्हणजे एक, एवढं मी ऐकून ऐकून शिकले. पुढचे आकडे विचारायचे राहूनच गेले.

तीन दिवसांनी तुम्ही मला बोलावलं. "पाहा. पोरायनं नाव टाकलं, बस. फाइल नाई उघडली, काहीच नाई. तरी सर्व्हरचा दिवा सारखा पेटून आहे. पोरं काही मागून नाई राह्यले, मंग थे काय आणून राह्यले?"

हा प्रश्न मला कॉलेजात तीन वर्षांत कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. मी शोधायला बसले. सापडायला पंधरा मिनिटं लागली. सापडला तो अध्यक्षसाहेबांचा फोटो.

त्यांच्या वाढदिवसाला हेडमास्तरांनी पेन ड्राइव्ह दिला होता. "सगळ्या स्क्रीनवर साहेब दिसले पाहिजेत." फोटो फ्लेक्सवाल्याकडून आणलेला. चौकात बस स्टँडसमोर लावायला जी फाइल केली होती तीच, तेवढीच मोठी. घराच्या भिंतीएवढा फ्लेक्स, तो वहीएवढ्या पडद्यावर लावायला मी सर्व्हरवर ठेवून दिला होता. मीच. फाइल केवढी आहे हे न पाहता. पोरानं नाव टाकलं की त्याचं काम येण्याआधी अख्खे साहेब यायचे, वीस वायरींतून वीस साहेब, एकाच वेळी, आणि पोरांच्या फाइली त्यांच्यामागे ताटकळत उभ्या. शाळेच्या पाण्याच्या टाकीवर पाहुण्यांनी आंघोळीला बसावं तसं.

"काढा," तुम्ही म्हणालात. सर्व्हरचा पासवर्ड फक्त माझ्याकडे होता. मी काढला.

पुढचा तास आठवीचा. हजेरी संपायच्या आत वीसही पडदे उघडले. पोरांना समजेना, आता या उरलेल्या वेळात करायचं काय! एक जण म्हणाला, "बाई, लॅब बिघडली काय?" तुम्ही इतके हसला की स्टुलावरून उठून बाहेर जावं लागलं.

तो आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी हेडमास्तर पाहुण्यांना लॅब दाखवायला घेऊन आले. वीस पडदे, सगळे कोरे निळे.

"साहेबांचा फोटो कोणी काढला?"

माझं तोंड उघडलं होतं, काका. खरंच उघडलं होतं. पण तुम्ही स्टुलावर चढून वायर ठोकत होता, तिथूनच मागे न वळता म्हणालात, "म्या काढला, सर."

"तुला कोणी सांगितलं होतं?" तुमच्यापेक्षा वयानं लहान माणूस, आणि 'तू'.

"कोणीच नाई. लॅब चालत नव्हती, काढला. आता चालून राह्यली, पाहा नं."

"लॅब कोणाच्या कृपेनं चालते, माहीत आहे का तुला?"

"थेच शोधून राह्यलो होतो, सर."

पाहुणे हसले. त्या हसण्यानं तुमचा घात केला. संध्याकाळच्या आत मेमो. 'संस्थेच्या अध्यक्षांचा हेतुपुरस्सर अवमान.' सर्व्हर उघडायला पासवर्ड लागतो आणि तो शिपायाकडे नसतो, एवढी साधी गोष्ट त्या ऑफिसातल्या एकाही माणसाला सुचली नाही. सुचली असेल तर बोलून दाखवली नाही.

व्हरांड्यात मी तुम्हाला गाठलं. "कायले बोललात तुम्ही?"

"तुमचा ऑर्डर दर जूनमंधी निंघते. माहा नाई निंघत. परमनंट माणसाले मेमोनं काय होते? फाइल जाडी होते."

आणि मी गप्प बसले. त्या दिवशी नोकरी वाचली म्हणून गप्प, पुढच्या जूनला ऑर्डर मिळाली म्हणून गप्प, मग सवयच झाली. तुमच्यावरही माझा राग आहे, काका, ते आज बोलून टाकते. कोणी सांगितलं होतं तुम्हाला? मला विचारलं होतं? मी काय एवढी कच्ची होते की माझ्या वाटचं खरं बोलणंही तुम्ही उचलून न्यावं? तुम्ही मला वाचवलं आणि मला भित्री ठरवलं, एकाच वाक्यात. आभार मानायचे तर आधी ते कबूल करावं लागलं असतं, म्हणून आभारही राहिले.

फोटो परत लावायचा हुकूम झाला. लावला आपण. तुम्ही म्हणालात, "साहेब तेच ठेवा, फक्त बारीक करा." मी फाइल लहान केली, पडद्यापुरती. चेहरा तोच, हार तोच, टोपी तीच. कोणालाच फरक कळला नाही. लॅब पळत राहिली. मग उंदरानं कुरतडलेली वायर तुम्ही बदलली. व्हायरस तपासणारा प्रोग्राम नेमका दुसऱ्या तासाला सगळ्या फाइली चाळत बसायचा, त्याला आपण रविवार दिला. एका वेळी एकच. वही भरत गेली.

पुढे तालुक्याचे साहेब तपासणीला आले, लॅबचा वेग पाहून खूश झाले. हेडमास्तर म्हणाले, "आमच्या मॅडम बी.सी.ए. आहेत." शाल, नारळ, फोटो. खुर्ची तुम्ही आणून दिली. टाळ्या तुम्ही मागून वाजवल्या. नंतर लॅबमध्ये मी नारळ फोडला, अर्धा तुम्हाला दिला. तुम्ही खोबरं चावत म्हणालात, "गोड निंघाला." एवढंच. तुमच्या आवाजात काही होतं का, हे मी तेव्हा शोधलं होतं. नव्हतं. अजून शोधते.

आता ऐका, तुम्ही गेल्यावर काय झालं ते.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी पेन ड्राइव्ह दिला. "मडावींना श्रद्धांजली. सगळ्या स्क्रीनवर लावा." उघडून पाहिलं तर फ्लेक्स. मध्यभागी अध्यक्षसाहेब हात जोडून, दोन्ही बाजूंना संचालक मंडळ, आणि खाली कोपऱ्यात, पासपोर्टएवढे, तुम्ही. खाली लिहिलेलं: 'आमचे विश्वासू शिपाई'. तुमच्या मरणावरही साहेबच मोठे. आणि परिचर हा शब्द लिहायला त्या भिंतीएवढ्या फाइलीत जागा नव्हती.

मला फाइल बारीक करायची शुद्ध नव्हती. तुमचा चेहरा दिसला आणि मी ती जशीच्या तशी सर्व्हरवर टाकली. हो, तीच चूक. दुसऱ्यांदा.

आठवीची पोरं आली. नावं टाकली. वीस चाकं फिरायला लागली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पडद्यावर फोटो वरून खाली एकेक पट्टी उतरत होता, आधी साहेबांची टोपी, मग कपाळ. शेवटच्या बाकावरची एक मुलगी कळवळून म्हणाली, "बाई, मडावीकाका येऊन राह्यले, पण लयच हळू."

पोरं हसली नाहीत. मीही नाही. तुम्ही मात्र हसला असता, नाकातून.

मी सर्व्हरपाशी गेले आणि तुम्हाला काढून टाकलं. स्वीचवरचे दिवे शांत झाले. पोरांना पुन्हा नावं टाकायला लावली. पहिला पडदा उघडला. मी म्हटलं, उंदी. पुढचं येईना. बाकीचे एकोणीस मराठीत मोजले.

मग वही काढली, ओळ लिहायला. आणि मागची पानं चाळता चाळता ती ओळ सापडली, तुमच्या अक्षरातली, मी तेव्हा न वाचलेली. काय बदललं: साहेबांचा फोटो काढला. काऊन: पोरायच्या आधी येऊन राह्यले म्हणून. कोणी: मडावी. मंग काय झालं: सगळे उघडले.

तुम्ही तिथेही खोटं लिहिलं, काका! जी वही आपल्या दोघांशिवाय कोणी उघडत नव्हतं, तिच्यातही. स्वतः केलेला नियम माझ्यासाठी मोडला.

रविवारी तुमच्या घरी गेले. तुमची मुलगी अंगणात चुलीसाठी कापसाच्या वाळक्या पराट्या रचत होती, हात ओरबाडलेले, कॉलेजची बॅग दाराला टांगलेली. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "पण बाबानं तं घरी बी हेच सांगतलं होतं. म्या काढला म्हणून." मग माझ्याकडे सरळ पाहून तिनं विचारलं, "मंग तुमी इतले दिवस काऊन नाई बोलल्या, मॅडम?"

काऊन. तुमचाच रकाना. माझ्याकडे कारणं खूप होती, पण तिनं कारण विचारलं नव्हतं.

सोमवारी पत्र लिहिलं. फोटो फाइल न तपासता मी लावला, मीच काढला. बिघाड श्री. मडावी, प्रयोगशाळा परिचर, यांनी शोधला. लॅब आज चालते ती त्यांच्यामुळे. त्यांच्या सेवापुस्तकातला मेमो चुकीच्या माणसाच्या नावावर आहे आणि मुळात चुकीचा आहे, तो रद्द करावा. ऑफिसात बाबूंनी वाचलं, चष्मा काढला. "मॅडम, हे आवक करू काय खरंच? जून जवळ आला."

"मोजता येतं मला, बाबूजी. शिक्का मारा."

मारला. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, मेलेल्या माणसासाठी कशाला एवढं? त्यांना तर आम्ही माफ केलं आहे ना. मी म्हटलं, "सर, माफी परत घ्या. ती त्यांची नाही." त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. त्या पत्राची शिक्क्याची प्रत तुमच्या मुलीकडे आहे. लहान केलेला, फक्त तुमचा एकट्याचा, स्टुलावर बसलेला फोटो लॅबच्या भिंतीवर आहे, कागदावर. पडद्यावर नाही. सर्व्हरवर ओझं कशाला?

रॅमचं मात्र मी अजून मानलेलं नाही. थोडी वाढवायला पाहिजे. तुम्ही असता तर म्हणाला असता, पाह्यलं काय तुमी? पाहीन. एका वेळी एकच.

वहीत खोडायचं नाही, म्हणून तुमची ओळ तशीच आहे. खाली नवी लिहिली. काय बदललं: फोटो कोणी काढला ते. काऊन: तुमच्या पोरीनं विचारलं. कोणी: आणि तिथे माझं पूर्ण नाव. पुढे बी.सी.ए. लिहायला पेन आपोआप सरकला, पण तुम्ही डिग्रीचा रकाना पाडलेला नाही, म्हणून थांबले.

'मंग काय झालं' कोरा आहे. जूनमध्ये ऑर्डर निघेल किंवा नाही निघणार. आधी भरायचा नाही, असं तुमचंच म्हणणं होतं.